बायबल वाचायची सवय लावायचीय? सुरुवात कुठून करायची, रोज काय करायचं आणि अडल्यावर काय

नवीन वर्षाची उपासना झाली की मंडळीत बऱ्याच जणांचा एकच निश्चय असतो, यंदा पूर्ण बायबल वाचून काढायचं. मग उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात होते, ते छान जातं कारण सगळ्या गोष्टीच आहेत, निर्गमही निम्म्यापर्यंत मस्त जातं, पंचविसाव्या अध्यायापासून निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात तिथे स्पीड कमी होतो, आणि नियमांचं पुस्तक लेवीय आलं की फेब्रुवारीत बायबल परत कपाटात. मग वर्षभर मनात एक अपराधी भावना, की आपल्याला देवाच्या वचनाची ओढच नाहीये. ओढ असते हो, पण चुकीच्या ठिकाणाहून आणि फार मोठा घास घेऊन सुरुवात केलेली असते.

प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं आहेत, कॅथलिक बायबलमध्ये ७३. ६६ पुस्तकांचे मिळून ११८९ अध्याय होतात, म्हणजे एका वर्षात संपवायचं तर रोज तीन-चार अध्याय, एकही दिवस खाडा न करता. ज्याला वाचायची सवयच नाही त्याने थेट इथून सुरुवात करू नये असं माझं ठाम मत आहे. रोज एक अध्याय वाचला तरी सव्वातीन वर्षांत सगळं होतं, आणि घाई कसली आहे? माझं सांगणं एवढंच आहे की एका वेळी एकच पुस्तक घ्या, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, आणि ते कळेपर्यंत त्याच्यासोबत राहा. इकडचं एक वचन, तिकडचं एक वचन असं आयुष्यभर केलं तरी बायबल कळत नाही.

आधी तयारी, फार काही लागत नाही

एक छापील बायबल, एक वही, एक पेन. मोबाईलवरचं ॲप चालतं, पण वाचता वाचता वरून मेसेज आला की संपलं, म्हणून शक्यतो पुस्तकच घ्या, आणि ॲपच वापरणार असाल तर फोन फ्लाइट मोडवर टाका.

कोणतं भाषांतर घ्यायचं हे सगळेच विचारतात. आपल्याकडे बहुतेक घरांत बायबल सोसायटीचं 'पवित्र शास्त्र' असतं, उपासनेत तेच वाचतात, लहानपणी पाठ केलेली वचनंही त्यातलीच. भाषा जरा जुनी आहे पण भारदस्त आहे, पाठ करायला फार छान. सोप्या मराठीतली भाषांतरंही आता ॲपवर फुकट मिळतात. मी म्हणेन मुख्य वाचन एकातूनच करा, आणि एखादं वाक्य डोक्यावरून गेलं की तेच वचन दुसऱ्या भाषांतरात उघडून बघा, निम्म्या अडचणी तिथेच सुटतात. आणि घरात इंग्लिश मीडियमची मुलं असतील तर त्यांच्या हातात इंग्लिश बायबल आणि तुमच्या हातात मराठी, दोघांनी आळीपाळीने वाचायचं, फार उपयोगी पडतं हे.

वहीच्या पहिल्या पानावर काही सनावळ्या लिहून ठेवा, या पुढे शंभर वेळा लागतात. दावीद राजाचा काळ साधारण इ.स.पू. १०००. उत्तरेकडचं इस्राएलाचं राज्य अश्शूरच्या हाती पडलं इ.स.पू. ७२२. बाबेलच्या राजाने यरुशलेम आणि मंदिर उद्ध्वस्त केलं इ.स.पू. ५८६. पारसाचा राजा कोरेश याने यहुद्यांना परत जायची परवानगी दिली इ.स.पू. ५३८. आणि येशूनंतर, रोमनांनी मंदिर पुन्हा पाडलं ते इ.स. ७०. संदेष्ट्यांची, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्यांची, पुस्तकं अवघड का वाटतात, तर हा संदेष्टा ५८६ च्या आधी बोलतोय की नंतर, हेच आपल्याला माहीत नसतं. ते कळलं की तो रागावलाय का आणि धीर देतोय का, दोन्ही कळायला लागतं.

बायबलमध्ये मागच्या पानांवर नकाशे असतात, ते बघायची सवय लावा. "एक माणूस यरुशलेमाहून खाली यरीहोला जात होता" असं लूक १० मध्ये येतं, आणि ते 'खाली' अगदी खरं आहे. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही २५० मीटर खाली, म्हणजे हजार मीटरचा उतार, ओसाड डोंगरातून. लुटारूंनी माणसाला तिथे गाठावं आणि कोणाला पत्ता लागू नये, अशीच ती जागा.

वेळ आणि जागा ठरवा

वेळ मिळाला की वाचेन म्हणणाऱ्याला वेळ कधीच मिळत नाही. रोज जे काही तुम्ही न चुकता करता, त्याला वाचन जोडून टाका. सकाळचा चहा, मुलं शाळेत गेल्यानंतरची दहा मिनिटं, किंवा रात्री कुटुंब प्रार्थनेच्या आधी. लोकलने जाणारे ऑडिओ ऐकू शकतात, मराठीत आहे, फक्त ऐकलेला भाग घरी येऊन एकदा डोळ्यांनी वाचा. पंधरा मिनिटं पुरतात. पहिल्या आठवड्यात उत्साहात एक तास बसू नका, पंधराच मिनिटं बसा आणि अजून वाचावंसं वाटत असताना उठा, दुसऱ्या दिवशी आपोआप बसाल.

एखादा दिवस चुकला तर चुकला. घरात लग्न असतं, कोणी हॉस्पिटलमध्ये असतं, परीक्षा असतात. राहिलेले अध्याय भरून काढायला जाऊ नका, जिथे होता तिथून पुढे सुरू करा. प्लॅन मोडण्याचं सगळ्यात मोठं कारण हे साचलेलं वाचन आहे, चार दिवसांचे बारा अध्याय समोर दिसले की माणूस बायबल उघडतच नाही.

सुरुवातीला छोटी प्रार्थना करा, लांबलचक नको. स्तोत्र ११९ मधली अठराव्या वचनातली विनंती आहे ना, माझे डोळे उघड म्हणजे तुझ्या नियमशास्त्रातल्या अद्भुत गोष्टी मला दिसतील, तीच करा, पुरे आहे. ख्रिस्ती नसलेले पण बायबल वाचून बघायची इच्छा असलेले बरेच जण असतात, त्यांनी फक्त शांत बसून सुरुवात केली तरी चालेल, पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यांनाही तशाच लागू आहेत.

पहिलं पुस्तक: मार्क

मार्ककृत शुभवर्तमान घ्या, शुभवर्तमान म्हणजे येशूच्या आयुष्याची गोष्ट. चार शुभवर्तमानांतलं सगळ्यात छोटं, फक्त सोळा अध्याय, आणि भराभर चालणारं. एखाद्या रविवारी दुपारी दीड-दोन तास काढा आणि सगळं सलग वाचून टाका, मोठ्याने वाचलं तर अजून चांगलं. काही कळलं नाही तरी थांबू नका. हे एक वाचन म्हणजे फक्त गावाचा फेरफटका, कोणता रस्ता कुठे जातो एवढं बघायचं. मार्क आठव्या अध्यायाच्या आसपास वळतो हे सलग वाचल्यावरच जाणवतं, तोपर्यंत बरं करणं, भुतं काढणं, गर्दी, आणि मग येशू पहिल्यांदा स्पष्ट सांगतो की मला मरायचं आहे, आणि त्यानंतर सगळा रस्ता यरुशलेमाकडे. रोज एकेक तुकडा वाचणाऱ्याला हे दिसत नाही.

सोमवारपासून परत पहिला अध्याय, या वेळी सावकाश, रोज एक प्रसंग. अध्याय नाही, प्रसंग. कारण अध्यायांचे आकडे मूळ लिखाणात नव्हतेच, ते तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन या इंग्लिश धर्मगुरूंनी केलेल्या विभागणीतून आलेत, आणि नव्या कराराचे, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागाचे, आजचे वचनांचे आकडे तर रोबेर एस्तिएन या छापखानेवाल्याने १५५१ च्या आवृत्तीत घातले. शोधायला ते फार सोयीचे आहेत पण कधीकधी ते भलत्याच ठिकाणी कापतात. यशया ५३ सगळ्यांना माहीत आहे, दुःख सोसणाऱ्या सेवकाचं, पण ते काव्य खरं सुरू होतं ५२ च्या तेराव्या वचनापासून. तेव्हा विषय जिथे संपतो तिथे थांबा, आकडा जिथे संपतो तिथे नाही.

एक प्रसंग कसा वाचायचा

मार्क ५, वचन २१ ते ४३. वही उघडा आणि आधी फक्त दिसतं ते लिहा. याचा अर्थ काय, मला काय शिकायला मिळालं, हे अजिबात नको, ते शेवटी. कोण आहे, कुठे आहे, काय झालं.

सभास्थानाचा अधिकारी याईर येतो, त्याचं नाव दिलंय, समाजात मान आहे, आणि तो येशूच्या पाया पडतो. त्याची लहान मुलगी मरायला टेकलीय. येशू निघतो. वाटेत गर्दीत एक बाई, हिचं नावच दिलेलं नाही, रक्तस्रावाचा आजार, बारा वर्षं, वैद्यांवर होता नव्हता तो सगळा पैसा गेला आणि दुखणं उलट वाढलं. ती मागून येऊन वस्त्राला शिवते आणि बरी होते. येशू थांबतो, मला कोण शिवलं? शिष्य म्हणतात एवढी गर्दी रेटतेय आणि तुम्ही हे काय विचारता. ती थरथरत येऊन त्याच्यापुढे पडते आणि सगळं खरं सांगते. तो तिला म्हणतो, मुली. तेवढ्यात निरोप येतो, याईराची मुलगी वारली. येशू म्हणतो भिऊ नको, फक्त विश्वास धर. घरी जातो, मुलीचा हात धरतो, ती उठते, आणि इथे मार्क सांगतो की ती बारा वर्षांची होती. मग येशू सांगतो, हिला काहीतरी खायला द्या.

आता लिहिलेलं परत वाचा आणि जे दोनदा आलंय त्याच्याखाली रेघ मारा. बारा वर्षं, दोनदा. पाया पडणं, दोनदा, एकदा मोठ्या माणसाचं आणि एकदा बिननावाच्या बाईचं. मुलगी, याईर आपल्या लेकीबद्दल बोलतो आणि येशू या परक्या बाईला तसंच हाक मारतो. ही मुलगी जन्मली त्याच सुमारास या बाईचं दुखणं सुरू झालं. मार्कने एका गोष्टीच्या पोटात दुसरी गोष्ट मुद्दाम ठेवलीय, आणि ती वाट बघणाऱ्या बापाच्या बाजूने वाचली तर तो उशीर सहन होत नाही. लेक मरायला टेकलीय आणि हा गर्दीत थांबून कोण शिवलं विचारतोय.

मग समासातले संदर्भ बघा, किंवा ॲपमध्ये बघा. लेवीय १५ मध्ये वचन २५ पासून अशा बाईबद्दल नियम आहे, ती अशुद्ध, तिच्या बिछान्याला शिवणाराही संध्याकाळपर्यंत अशुद्ध. गणना १९ मध्ये मेलेल्याला शिवणारा सात दिवस अशुद्ध. म्हणजे एका दिवसात दोन्ही स्पर्श, आणि दोन्ही वेळा उलटं झालं, अशुद्धता येशूला लागली नाही, त्याच्याकडून त्या दोघींना आरोग्य आणि जीव मिळाला. जे लेवीय फेब्रुवारीत आपल्याकडून वाचवत नाही, त्याच्याशिवाय ती बाई एवढी थरथरत का होती हे कळतच नाही. हे पहिल्यांदा लक्षात येतं ना तेव्हा अंगावर काटा येतो, आणि त्यानंतर लेवीय रटाळ वाटत नाही.

वेळ असेल तर हाच प्रसंग मत्तय ९ आणि लूक ८ मध्ये काढा. मत्तय तो नऊ वचनांत उरकतो. लूक मुलीचं वय सुरुवातीलाच सांगतो. कोण काय ठेवतो आणि काय गाळतो, त्यावरून लिहिणाऱ्याला काय सांगायचंय याचा अंदाज येतो.

आणि मग, आता, शेवटचे दोन प्रश्न. यातून देव कसा आहे हे काय कळलं? आणि आज मी काय करू? दुसऱ्याचं उत्तर छोटं आणि करता येण्यासारखं लिहा. "मी विश्वासात वाढेन" असलं काही नको. "शेजारच्या काकू कित्येक दिवस आजारी आहेत, संध्याकाळी जाऊन बसेन", असं.

सुटं वचन हातात आलं तर

भिंतीवरच्या कॅलेंडरवर, व्हॉट्सॲप स्टेटसला, वाढदिवसाच्या शुभेच्छांमध्ये यिर्मया २९:११ असतंच असतं, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, आशा देणारे आहेत. वचन सुंदर आहे. पण एकदा पूर्ण अध्याय वाचा. ते एक पत्र आहे, यरुशलेमाहून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना पाठवलेलं. खोटे संदेष्टे त्यांना सांगत होते की लवकरच घरी जाल. यिर्मया लिहितो, घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, त्याच परक्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आणि अकराव्याच्या अगदी आधीच्या दहाव्या वचनात काय आहे? सत्तर वर्षं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतले कितीतरी जण ती सुटका बघायला जिवंतच राहणार नव्हते. नोकरीच्या इंटरव्ह्यूला जाताना हे वचन घेऊन जायला माझी हरकत नाही, पण सत्तर वर्षांसकट वाचलं तर त्यात जास्त बळ आहे, कारण मग नोकरी मिळाली नाही तरी ते वचन खोटं पडत नाही.

म्हणून कोणतंही सुटं वचन आलं की किमान त्याच्या आधीची दहा आणि नंतरची दहा वचनं वाचायचीच, ही सवय एकदा लागली की सुटत नाही. कोण बोलतंय आणि ऐकायला कोण बसलंय हे बघायचं. उधळ्या पुत्राचा दाखला घ्या, लूक १५. पहिल्या दोन वचनांत सांगितलंय की जकातदार आणि पापी लोक ऐकायला येत होते आणि परूशी-शास्त्री, म्हणजे नियम काटेकोर पाळणारे आणि शिकवणारे धर्मपुढारी, कुरकुर करत होते, हा पाप्यांबरोबर जेवतो म्हणून. तो दाखला त्या कुरकुरीला दिलेलं उत्तर आहे. म्हणून तर शेवट धाकट्यावर होत नाही, अंगणात रुसून उभ्या असलेल्या थोरल्यावर होतो, आणि तो आत गेला का हे येशू सांगतच नाही.

बायबल डोळे मिटून कुठेतरी उघडायचं आणि बोट पडेल ते आजचं वचन, हे मात्र करू नका. मनापासून करणारे लोक आहेत, मला त्यांच्या श्रद्धेबद्दल आदर आहे, पण तसं वाचून देव काय म्हणतोय ते कळण्यापेक्षा आपल्याला जे ऐकायचंय तेच सापडत राहतं.

सगळी पुस्तकं एकाच पद्धतीने वाचायची नाहीत

स्तोत्रं ही कविता आहेत. त्यात एक ओळ जे म्हणते तेच पुढची ओळ वेगळ्या शब्दांत म्हणते किंवा उलट बाजूने म्हणते, स्तोत्र १९ ची सुरुवात बघा, आकाश देवाचा महिमा वर्णन करतं आणि अंतराळ त्याच्या हातांचं काम दाखवतं. दोन वेगळे मुद्दे शोधत बसायचं नाही, सावकाश म्हणायचं. दीडशे स्तोत्रं आहेत, रोजच्या वाचनासोबत एक घेतलं तर पाच महिन्यांत होतात, अपवाद ११९ चा, त्यात १७६ वचनं आहेत, ते आठवडाभर पुरवा.

पत्रं ही खरीखुरी पत्रं आहेत, ती एका बैठकीत वाचा. फिलिप्पैकरांस पत्र चार अध्यायांचं, चहा गार व्हायच्या आत होतं. लिहिणारा पौल कैदेत आहे हे लक्षात ठेवून वाचा आणि 'आनंद' किती वेळा येतो मोजा.

इतिहासाच्या पुस्तकांत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची, बायबलने सांगितलं म्हणजे बायबलला ते पटलं असं नाही. शास्ते १९ मधली एका बाईवरच्या सामूहिक अत्याचाराची ती भयंकर घटना वाचून लोक हादरतात, हे पवित्र शास्त्रात कसं? पण त्या पुस्तकाचं शेवटचं वाक्यच आहे की त्या दिवसांत इस्राएलात राजा नव्हता, ज्याला जे बरं दिसेल ते तो करी. लेखक त्या काळावर आरोपपत्र लिहितोय.

अडलं की

अडणारच. स्तोत्र १३७ चा शेवट वाचून अडाल, संहाराच्या गोष्टींवर अडाल, वंशावळ्यांवर कंटाळाल. वहीच्या मागच्या बाजूला प्रश्नांची पानं ठेवा, तारीख घालून प्रश्न लिहा आणि पुढे जा. काही प्रश्नांची उत्तरं दोन पुस्तकांनंतर आपोआप मिळतात, काही पाळकांना किंवा फादरना विचारायचे, चांगला पाळक प्रश्नाने नाराज होत नाही. काही वर्षानुवर्षं तसेच राहतात, त्यांनाही राहू द्या. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, आणि तरी ते प्रार्थनापुस्तकात ठेवलंय.

यूट्यूबवरचे संदेश आणि भाष्यं यांना माझा विरोध नाही, पण क्रम पाळा, आधी स्वतः वाचायचं, स्वतः लिहायचं, मग दुसऱ्याचं ऐकायचं. बिरुयाचे लोक प्रेषितांची कृत्ये १७ मध्ये नेमकं काय करत होते? पौलाचं उत्सुकतेने ऐकत होते, आणि हे असंच आहे का म्हणून रोज शास्त्रात शोधत होते. पौलाचं तपासलं जातं तर मग कोणाचंही तपासायला हरकत नाही.

एकट्याने सुरू करा, पण एकटे राहू नका

नहेम्या ८ मध्ये एज्रा हा याजक सकाळपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, सगळे स्त्रीपुरुष उभे राहून ऐकतात, आणि लेवी, म्हणजे मंदिराची सेवा करणारे, लोकांना अर्थ समजावतात. शास्त्र मुळात असंच वाचलं गेलं, मोठ्याने आणि मिळून. तेव्हा आठवड्यातून एकदा तीन-चार जण जमा, घरसभेनंतर, तरुण संघात, महिला मंडळात, किंवा पोरं पुण्या-बंगलोरला आणि दुबईला असतील तर व्हिडिओ कॉलवर. नवीन काही तयारी नको, आठवडाभर सगळ्यांनी मार्कमधले तेच प्रसंग वाचलेले असतात, प्रत्येकाने वहीतलं एक दिसलेलं आणि एक न कळलेलं सांगायचं. एकच जण बोलत राहिला तर तो संदेश होतो, अभ्यास होत नाही, म्हणून वेळ वाटून द्या. आणि आजी-आजोबांना बसवाच, त्यांना अख्खी स्तोत्रं पाठ असतात. शिकायचं तर तेही शिका, आठवड्याला एक वचन, रविवारी एकमेकांना म्हणून दाखवायचं.

मार्कला साधारण दोन-अडीच महिने लागतील. त्यानंतर उत्पत्ती आणि निर्गमचे पहिले वीस अध्याय, मग लूक आणि लगेच प्रेषितांची कृत्ये, कारण दोन्ही एकाच लेखकाची, थियफिल नावाच्या एकाच माणसासाठी लिहिलेली आहेत आणि सलग वाचली की एकच गोष्ट होते. मध्ये रूथ घ्या, चारच अध्याय. मग शमुवेलाची दोन पुस्तकं, फिलिप्पै, याकोब, मग रोमकरांस पत्र सावकाश. लेवीय आणि इब्री लोकांस पत्र एकत्र वाचा, एकामुळे दुसरं उलगडतं. प्रकटीकरण सगळ्यात शेवटी ठेवा, दानीएल, यहेज्केल आणि जखऱ्या वाचून झाल्यावर, कारण त्यातली निम्मी चित्रं तिथूनच आलेली आहेत.